करी रोड ते परळ : आपल्या इतिहासाची पाटी कोण लावणार?

करी रोड स्टेशनचे नाव बदलायचे घाटते आहे. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने मुंबईतल्या काही रेल्वे स्थानकांची इंग्रजी नावे बदलण्याचा ठराव केला. त्यात मरीन लाइन्सचे मुंबादेवी, चर्नी रोडचे गिरगाव आणि करी रोडचे लालबाग करावे असे म्हटले आहे. करी हा रेल्वे कंपनीतला कुणी इंग्रज साहेब. त्याच्याबद्दल आम्हाला काडीचे ममत्व नाही. त्याचे नाव गेले म्हणून आमच्यापैकी कुणी रडणार नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. पाटी बदलताना इतिहासाची आठवण काढली जाते. पण कुणाच्या इतिहासाची? करी रोडच्या फलाटावरून जिना चढून लालबागच्या बाजूला उतरा आणि रस्त्यात भेटेल त्याला विचारा, इथला वारसा कोणता? उत्तर ठरलेले आहे : लालबागचा राजा, मिलचा भोंगा, मालवणी खानावळी, भजनी मंडळे. १९३४ हे साल इथे लहान पोरांनाही पाठ असते, कारण त्या साली लालबागच्या राजाची स्थापना झाली. पण बावीस वर्षे परळच्या चाळीत राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच १९३४ च्या सुमारास ती चाळ सोडून दादरच्या राजगृहात राहायला गेले, हे किती जणांना ठाऊक आहे? आपल्या पोरांपैकी तरी किती जणांना?

बाबासाहेबांची चळवळ म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर महाडचे तळे येते, नाशिकचे काळाराम मंदिर येते, येवला, नागपूरची दीक्षाभूमी, दादरची चैत्यभूमी येते. या सगळ्या ठिकाणी आपण जातो आणि गेलेच पाहिजे. पण त्या लढ्यांचा कागद जिथे लिहिला गेला, जिथे बैठका झाल्या, जिथे वृत्तपत्र निघाले, तो करी रोड ते परळ हा जेमतेम पंधरा-वीस मिनिटांच्या पायपिटीचा पट्टा मात्र आपण लोकलच्या दारात उभे राहून दररोज मागे टाकतो. आज त्याच पट्ट्याबद्दल बोलायचे आहे.

प्लेगने बांधलेली चाळ

परळ हे मूळ मुंबईच्या सात बेटांपैकी एक. मधल्या खाड्या बुजवून ही बेटे जोडली गेली. परळला गव्हर्नरचा बंगला होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९९ मध्ये त्याच बंगल्यात प्लेगची प्रयोगशाळा गेली. ती आजची हाफकिन संस्था. प्लेगचे खापर गरिबांच्या वस्त्यांवर फुटले. त्यातून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि उठवलेल्या लोकांसाठी चाळी बांधायच्या, असे त्याचे काम. पाडणे जोरात झाले, बांधणे मात्र मागे पडले. तरी ज्या चाळी उभ्या राहिल्या त्यांना आजही लोक बी.आय.टी. चाळी म्हणतात.

त्यातलीच एक परळच्या पोयबावडीतली बी.आय.टी. चाळ क्रमांक १. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्या. इथे बाबासाहेब १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे राहिले.

त्याआधीही हे कुटुंब याच भागात होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झाल्यावर दापोली, सातारा करत १९०४ च्या सुमारास मुंबईत आले आणि लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत त्यांनी बिऱ्हाड थाटले. जागा इतकी अपुरी की रामजीबाबा मुलाला लवकर झोपवायचे, मध्यरात्रीनंतर उठवून अभ्यासाला बसवायचे आणि त्याच्या जागी स्वतः आडवे व्हायचे. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हातात ठेवले. १९५६ च्या धम्मक्रांतीचे बीज शोधायला निघालात तर ते या वस्तीतल्या मुलाच्या हातात पडलेल्या त्या पुस्तकापर्यंत येऊन पोचते.

कोकणातल्या महारांच्या शेकडो कुटुंबांची वाट हीच होती. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद केली, गावात बलुत्याची गुलामी, जमीन नाही. मग मुंबईची गोदी, रेल्वे, गिरणी. किनाऱ्यावरून आलेल्या या माणसांनी बंदरात माल वाहिला, रेल्वेचे रूळ टाकले, गिरणीत कापूस पिंजला. मुंबईच्या किनाऱ्याचा वारसा लिहिताना किल्ले, चर्च, गव्हर्नरचे बंगले यांची पाने भरतात. हा वारसा उभा करणाऱ्यांच्या खोलीचा क्रमांक मात्र कुणी लिहून ठेवत नाही.

५०–५१ क्रमांकाच्या खोल्यांत काय काय घडले ते आठवा. कोलंबियाला शिकायला गेलेल्या नवऱ्याच्या माघारी रमाईने इथे दिवस काढले. सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक झाल्यावरही बाबासाहेब इथेच राहिले, पगारातला पैसा लंडनच्या शिक्षणासाठी साठवत राहिले. राजर्षी शाहू महाराज त्यांना भेटायला या चाळीत आले. मुले गेली ती याच काळात. १९२६ मध्ये राजरत्न गेला, त्या दुःखाने बाबासाहेब खचले आणि पुढच्याच वर्षी महाडला उभे राहिले. डी.एस्सी., बॅरिस्टर झालेला माणूस दोन खोल्यांच्या चाळीत, सार्वजनिक नळाच्या रांगेशेजारी राहतो, ही आपल्या चळवळीची सुरुवात आहे. ती संगमरवरात नाही, चाळीच्या लाकडी जिन्यात आहे.

हरारवाला बिल्डिंग आणि दामोदर हॉल

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. पत्ता होता हरारवाला बिल्डिंग, डॉ. बाटलीवाला रोड, पोयबावडी, परळ. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली होती. संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. पुण्याच्या 'केसरी'ने पैसे घेऊनही 'मूकनायक'ची जाहिरात छापायला नकार दिला. ज्यांच्या हातात छापखाना त्यांच्या हातात देशाचे मत. हे ओळखून बाबासाहेबांनी पहिले पाऊल टाकले ते वृत्तपत्राचे, आणि ते परळमध्ये टाकले. आज डॉ. बाटलीवाला रोडवरून जाणाऱ्या किती विद्यार्थ्यांना माहीत आहे की आपण 'मूकनायक'च्या दारावरून चाललो आहोत?

तिथून जवळच दामोदर हॉल. १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी सुरू केलेल्या सोशल सर्व्हिस लीगची ही जागा. कामगारांसाठी वाचनालय, रात्रशाळा, नाटक असे सगळे इथे चाले. ९ मार्च १९२४ रोजी याच हॉलमध्ये बाबासाहेबांनी सभा बोलावली. अस्पृश्यांच्या अडचणी सरकारपुढे मांडायला स्वतंत्र संघटना हवी, असे तिथे ठरले. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिची कचेरीही दामोदर हॉलमध्येच होती. वसतिगृहे, वाचनालये, रात्रशाळा, मग १९२७ मध्ये महाडची परिषद आणि 'बहिष्कृत भारत'. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' असे आपण भिंतीवर लिहितो. त्यातला 'संघटित व्हा' हा शब्द पहिल्यांदा कचेरी, रजिस्टर आणि वर्गणीच्या पावत्या घेऊन उभा राहिला तो परळच्या या हॉलमध्ये.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ना. म. जोशी जन्माने ब्राह्मण होते. केळुसकर गुरुजी, सी. के. बोले हेही दलित नव्हते. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव बोल्यांनी मांडला आणि महाडचा सत्याग्रह त्या ठरावाच्या अंमलबजावणीसाठी झाला. परळचा इतिहास सांगताना ही नावे गाळली तर आपण तीच चूक करू जी आपल्याबाबतीत केली जाते. त्यांची मदत मान्य करायची आणि नेतृत्व कुणाचे होते तेही स्पष्ट सांगायचे. दोन्ही एकाच वेळी खरे आहे.

गिरणीत जात होती

आता या पट्ट्याच्या सर्वात गोड समजल्या जाणाऱ्या आठवणीकडे येऊ. गिरणगाव म्हटले की लिहिणारे हळवे होतात. भोंगा वाजायचा, सगळे एकत्र कामावर जायचे, जातपात नव्हती, सगळे कामगार एक. आम्हाला या आठवणीवर आक्षेप घ्यायचा आहे, कारण ती अर्धी खरी आहे आणि अर्धे सत्य आपल्या वाट्याला नेहमी खोटे होऊन येते.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती सुरू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, करी रोड, वरळी हा सगळा भाग गिरण्यांनी भरला. गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधली ती १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी, आणि ते महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी होते. १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या प्रयत्नाने. म्हणजे कामगार चळवळीच्या मुळाशीच फुल्यांची परंपरा आहे. पण गिरणीच्या आत काय होते?

विणाई खात्यात पगार चांगला होता. त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून ओठांनी ओढून घ्यावा लागे. एकाच धोट्याला दलिताचे आणि सवर्णाचे तोंड लागले तर सवर्ण बाटणार! म्हणून विणाई खाते बंद आणि दलिताच्या वाट्याला कमी मजुरीची खाती. अनेक गिरण्यांत पिण्याच्या पाण्याचे माठही वेगळे होते. यंत्र विलायतेहून आले होते, वाफ सगळ्यांसाठी सारखीच होती, पण धोट्यावर मनुस्मृती बसलेली होती.

१९२८ मध्ये मुंबईत प्रचंड संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर होते. त्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे थेट प्रश्न ठेवला. विणाई खाते आमच्या माणसांना खुले करण्याची मागणी तुमच्या यादीत घाला, नाही तर आमच्या कामगारांनी या संपात का राहावे? पुढाऱ्यांनी ती मागणी नाखुशीने घेतली. मालकांनी मग साधा पेच टाकला : हा अन्याय आम्ही केलेला नाही, तुमच्याच कामगारांनी केलेला आहे. मालक शोषक होते यात वाद नाही, पण या एका मुद्द्यावर त्यांनी कामगार एकजुटीच्या घोषणेतली भेग दाखवून दिली. लाल बावटा खांद्यावर घेतलेल्या हाताने दलिताचा धोटा नाकारला होता.

हे आम्ही कामगार चळवळीला हिणवण्यासाठी सांगत नाही. सांगतो ते यासाठी की गिरणगावचा वारसा म्हणून जे संग्रहालय, जी चित्रफीत, जे पुस्तक तयार होईल त्यात धागा ओढायचा हा प्रसंग असलाच पाहिजे. नसेल तर ते गिरणगाव आमचे नाही.

मनमाडचे भाषण, कामगार मैदानावरची गर्दी

बाबासाहेब कामगारविरोधी होते, संप फोडणारे होते, असा प्रचार तेव्हाही झाला आणि आजही होतो. १९२९ च्या संपाला त्यांनी विरोध केला, हे खरे. पण त्यानंतर दहा वर्षांनी काय झाले ते कुणी सांगत नाही.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत ते स्वतः भायखळा-परळ मतदारसंघातून उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध प्रसिद्ध क्रिकेटपटू पी. बाळू यांना, म्हणजे दलितांतल्याच लोकप्रिय माणसाला, उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. दलिताविरुद्ध दलित उभा करण्याची खेळी आजची नाही, हे तरुणांनी लक्षात ठेवावे.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद झाली. करी रोड आणि परळ ही स्टेशने ज्या रेल्वेची, तीच ही रेल्वे. परळचे मोठे वर्कशॉपही तिचेच. बाबासाहेबांनी तिथे सांगितले की दलित कामगार गँगमन म्हणून आयुष्य काढतो आणि पुढे सरकत नाही. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेतो आणि दलिताला घरात घेता येत नाही. वर्कशॉपमध्ये तो मेकॅनिक होत नाही. या देशातल्या कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी सांगितले ते याच भाषणात. ज्या फलाटावर आपण आज उभे राहतो तिथे शंभर वर्षांपूर्वी आपल्या आजोबाला हमालीचा बिल्लासुद्धा सहज मिळत नव्हता, हे त्या स्टेशनच्या इतिहासात बसते की नाही?

त्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. संपावर बंधने घालणारा हा काळा कायदा. बाबासाहेबांनी विधिमंडळात त्यावर हल्ला चढवला. संप हा गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणे आणि ती गुलामगिरीच होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संप पुकारला. परळचे कामगार मैदान माणसांनी भरून गेले. तिथे बाबासाहेब बोलले, डांगे बोलले. गोळीबार झाला, लाठीमार झाला.

दहा वर्षांपूर्वी धोट्यावरून ज्यांच्याशी भांडण झाले त्यांच्याच खांद्याला खांदा लावून हा संप झाला. बाबासाहेबांचा मार्ग यातून कळतो. आपला प्रश्न सोडायचा नाही आणि मोठ्या लढ्यापासून तोंडही फिरवायचे नाही. आज युती करावी की करू नये यावर आपल्यात रात्र-रात्र वाद होतात. वाद घालणाऱ्यांनी एकदा परळच्या कामगार मैदानावर उभे राहून १९२८ आणि १९३८ ही दोन साले शेजारी ठेवून पाहावीत.

जानेवारी १९७४

बाबासाहेबांनंतरचा इतिहासही याच रस्त्यांवर सांडलेला आहे. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली. जानेवारी १९७४ मध्ये दक्षिण-मध्य मुंबईची लोकसभा पोटनिवडणूक होती. पँथरने बहिष्काराची हाक दिली. ५ जानेवारीला वरळीच्या सभेवर हल्ला झाला आणि बी.डी.डी. चाळींत दंगल पेटली, ती नायगावपर्यंत गेली. १० जानेवारीला पँथरच्या मोर्चावर परळ भागात वरून दगड टाकला गेला आणि भागवत जाधव शहीद झाले. दंगलीच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती भस्मे आयोग नेमला गेला.

ज्या बी.डी.डी. चाळींबद्दल आज सगळे डोळे पुसत बोलतात, त्या चाळींत बौद्धांच्या चाळी आणि सवर्णांच्या चाळी वेगळ्या ओळखल्या जात होत्या, हे त्या जानेवारीने दाखवून दिले. दर १० जानेवारीला भागवत जाधवांना अभिवादन करणारे कार्यकर्ते आहेत, त्यांना आमचा जय भीम. पण ते जिथे पडले त्या रस्त्यावरून जाणाऱ्या सामान्य माणसाला सांगणारे काही तिथे दिसत नाही.

शेवटच्या प्रवासाचा पूल

७ डिसेंबर १९५६. बाबासाहेबांची अंत्ययात्रा राजगृहावरून निघाली. व्हिन्सेंट रोड, पोयबावडी, परळ, एल्फिन्स्टन पूल, सयानी रोड, गोखले रोड असा वळसा घेत ती दादरच्या चौपाटीवर पोचली. राजगृहाहून चौपाटीला जायला जवळचा रस्ता होता. पण यात्रा परळवरून गेली. ज्या वस्तीत बाबासाहेबांनी बावीस वर्षे काढली, त्या वस्तीच्या डोळ्यांसमोरून ते शेवटचे गेले. ज्या व्हिन्सेंट रोडवरून ते गेले तोच आजचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग. लालबाग-परळमध्ये आपल्याला इतिहासाने दिलेली सगळ्यात मोठी पाटी हीच.

तो एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद झाला. शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी तिथे नवा पूल व्हायचा आहे. पूल जुना होता, शहराला रस्ता हवा, आम्ही त्याला विरोध करत नाही. पण तो बंद झाला तेव्हा वाहतूक कशी वळवली, किती वर्षांचा पूल, इंग्रजांनी कसा बांधला, यावर रकाने भरले. या पुलावरून कोण गेले होते, हे किती ठिकाणी छापून आले?

वास्तू जातात, आपण जागे कधी होतो?

२५ जून २०१६ च्या पहाटे दादरच्या गोकुळदास पास्ता रोडवरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण छापखाना बुलडोझर लावून पाडला गेला. बाबासाहेबांच्या चळवळीचा छापखाना. त्यानंतर १९ जुलैला भर पावसात मुंबईत विराट मोर्चा निघाला. राग खरा होता. पण आम्ही स्वतःला विचारतो : पाडण्याच्या आदल्या दिवसापर्यंत आपल्यापैकी किती जण त्या छापखान्यात गेले होते? तिथे कोणती यंत्रे, कोणते कागद, कोणते अंक होते याची यादी आपल्याकडे होती काय? वास्तू पडल्यावर आपण लाखोंनी जमतो. ती उभी असताना दहा जण जमत नाहीत.

दामोदर नाट्यगृह शंभरीला पोचल्यावर पुनर्विकासासाठी २०२३ मध्ये बंद झाले. रंगकर्मींनी आवाज उठवला, त्यांचे म्हणणे रास्त आहे. पण तिथे १९२४ मध्ये काय घडले हे सांगायला आपण किती जण गेलो? करी रोडच्या पश्चिमेला ना. म. जोशी मार्गावर ३२ बी.डी.डी. चाळी, नायगावला ४२, वरळीला १२१. सगळीकडे पुनर्विकास सुरू आहे. बी.आय.टी. चाळीत स्मारक करण्याच्या घोषणा तर अनेकदा झाल्या.

इथे काही मित्र विचारतील : १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला ५०० फुटांचे घर मिळत असेल तर तुम्ही जुन्या भिंतींचे रडगाणे का गाता? प्रश्न योग्य आहे. आम्ही चाळीचे भक्त नाही. जे बाबासाहेब आपल्याला गाव सोडा, शहरात चला म्हणाले, ते गळक्या चाळीला कवटाळून बसा असे कधीच म्हणाले नसते. माणसाला घर मिळालेच पाहिजे आणि तेही त्याच जागी, पूर्ण हक्काने. पण घर बांधताना आठवण पुसली पाहिजे असा नियम कुठे आहे? श्रीनिवास मिलच्या जागी गगनचुंबी मनोरा झाला, फिनिक्स मिलचा मॉल झाला. तिथे मिलची जुनी चिमणी शोभेला ठेवता येते. मग नव्या इमारतीत चळवळीची एक खोली, एक वाचनालय का ठेवता येत नाही?

दुसरे मित्र म्हणतील : इंदू मिलमध्ये एवढे भव्य स्मारक होते आहे, ते पुरेसे नाही काय? इंदू मिलची जमीन आपण लढून मिळवली, ६ डिसेंबर २०११ ला आत घुसून मिळवली. साडेबारा एकरांवर ३५० फुटांचा पुतळा उभा राहणार आहे, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण पुतळा बाबासाहेब किती मोठे होते हे सांगतो, ते मोठे कसे झाले हे चाळीची खोली सांगते. पुतळ्यापुढे आपण हात जोडतो. खोलीत उभे राहिलेल्या पोराला वाटते, माझीही खोली एवढीच आहे. म्हणून खोलीची गरज जास्त.

आता काय करायचे

मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंचे नियम आहेत, त्यांच्या श्रेणी आहेत. त्या यादीसाठी नक्षी, कमान, शिल्पी पाहिले जातात, तसेच ऐतिहासिक महत्त्वही पाहता येते. पोयबावडी, डॉ. बाटलीवाला रोड, दामोदर हॉल, कामगार मैदान या प्रत्येक ठिकाणासाठी पुराव्यासह अर्ज करणे, हे मोर्चाइतकेच चळवळीचे काम आहे. आपल्यात वास्तुशास्त्र शिकलेली, वकिली करणारी, इतिहासात पीएच.डी. करणारी मुले-मुली आता आहेत. हे काम त्यांच्याकडे मागा.

त्याआधीचे काम आपल्या घरातले आहे. लालबाग, करी रोड, डिलाईल रोड, वरळीच्या घरांमध्ये अजून जुन्या ट्रंका आहेत. त्यांत गिरणीची हजेरीपुस्तके, 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'चे अंक, समता सैनिक दलाचे फोटो, भीमजयंतीच्या वर्गणीच्या पावत्या आहेत. पुनर्विकासात घर हलवताना पहिल्यांदा काय टाकून दिले जाते? हेच. संक्रमण शिबिरात जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या दारात एकदा जा. कागदांचे फोटो काढा, आजींना बोलते करा, रिंग खात्यात काम केलेल्या आजोबांना धोट्याबद्दल विचारा. ही माणसे फार दिवस राहणार नाहीत.

आणि तिसरे, चालत जा. ९ मार्च, २० जुलै, ७ नोव्हेंबर या तारखांना करी रोड स्टेशनबाहेर जमा आणि परळपर्यंत चाला. मोठे व्यासपीठ नको, पुढाऱ्यांचे हार नकोत. प्रत्येक ठिकाणी थांबून एकाने दहा मिनिटे सांगावे, लहान मुलांनी ऐकावे.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. कान्हेरीच्या लेण्यांत जा. सोपारा आणि कल्याण या बंदरांतल्या माणसांनी भिक्खुसंघाला काय दिले, कुणी पाण्याची टाकी, कुणी गुंफा, कुणी बसायचे आसन, हे नाव-गावासह दगडात कोरलेले आहे. दान लहान असले तरी कोरले, म्हणून दोन हजार वर्षांनी आपण या किनाऱ्याला बौद्ध किनारा म्हणू शकतो. कोरले नसते तर त्या लेण्यांनाही पांडवांची लेणी म्हणून मोकळे झाले असते, जसे अनेक ठिकाणी झाले आहे.

करी रोडचे लालबाग होईल, होऊ द्या. स्टेशनची पाटी सरकार लावेल. पोयबावडीची पाटी आपल्यालाच लावावी लागेल.

जय भीम!